भिंतींवरच्या पुसट जाहिराती: वाचन, कालनिश्चिती आणि व्यवसायाचा शोध

शेजारची इमारत पाडली जाते किंवा वरचा गिलावा गळून पडतो, आणि जुन्या विटांच्या भिंतीवर अचानक अर्धवट अक्षरे दिसू लागतात. कुठे साबणाचे नाव असते, कुठे कोळशाच्या वखारीचे, कुठे 'आणि मुलगे' एवढाच शेवट उरलेला असतो. अशा रंगवलेल्या, उन्हापावसात विटून गेलेल्या जाहिरातींना जगभर 'घोस्ट साइन' म्हणतात. त्यांची छायाचित्रे काढणारे पुष्कळ आहेत. पण त्या भिंतीवरून तिथे नांदलेल्या व्यवसायाचा इतिहास नेमकेपणाने उभा करायचा असेल, तर कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी भिंत, मग अक्षरे, मग कागदपत्रे आणि निष्कर्ष सर्वांत शेवटी, असा तो क्रम आहे. अक्षरे दिसताच निष्कर्षावर उडी मारली की काय होते, ते 'स्थापना' असे लिहिलेले साल जाहिरातीचेच साल म्हणून सर्रास सांगितले जाते त्यावरून दिसते. पुढील मार्गदर्शन हौशी अभ्यासकासाठी आहे. त्यासाठी कॅमेरा, दुर्बीण, मोजपट्टी, वही आणि बऱ्यापैकी चिकाटी एवढेच भांडवल पुरते.

रंग कसा विटतो, हे आधी समजून घ्यावे

एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पेंटर बाहेरच्या भिंतीसाठी प्रामुख्याने जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा वापरत. शिसे आणि तेलातली आम्ले यांच्या संयोगातून साबणासारखी संयुगे तयार होतात आणि त्यामुळे रंगाचा थर चिवट, लवचिक व पाण्याला दाद न देणारा बनतो. म्हणूनच शंभर वर्षांनंतर निळा किंवा लाल रंग उडून गेलेला असतो आणि पांढरी अक्षरे मात्र शाबूत असतात. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२०च्या आसपास बाजारात येऊ लागला. १९२१च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कराराने शिशाच्या सफेद्यावर बंधने आणली, पण ती इमारतींच्या आतील रंगकामापुरती होती. त्यामुळे बाहेरच्या पाट्यांवर सफेदा त्यानंतरही वापरात राहिला.

या रसायनशास्त्राचा वाचनाशी थेट संबंध आहे. आज ठळक दिसणारे अक्षर सर्वांत नवे असेल, असे मुळीच नाही. खालच्या थरातला सफेदा टिकलेला असतो आणि त्यावर नंतर दिलेला हलका रंग झडून गेलेला असतो, तेव्हा जुनी जाहिरातच नवी वाटते. कधी तर रंग पूर्ण गेलेला असूनही अक्षर वाचता येते, कारण रंगाने झाकलेल्या विटांवर धुराची काजळी बसलेली नसते आणि त्या आजूबाजूच्या विटांपेक्षा उजळ राहिलेल्या असतात. अशा ठिकाणी आपण रंग वाचत नसतो, रंगाने केलेली सावली वाचत असतो. हे वहीत स्पष्ट नोंदवावे, कारण मूळ अक्षर काळे होते की पांढरे, हे त्यावरून सांगता येत नाही.

भिंतीसमोरचा पहिला तास

पहिल्या भेटीत वाचण्याची घाई करू नये. भिंत कोणत्या दिशेला आहे, ती रस्त्यावरून दिसते की रेल्वेमार्गावरून, तिच्यासमोर पूर्वी मोकळी जागा असेल का, शेजारच्या छपराची तिरकी खूण तिच्यावर उमटली आहे का, खिडक्या मूळच्या आहेत की नंतर फोडलेल्या, या गोष्टी आधी टिपाव्यात. अक्षराला मधोमध छेदून गेलेली खिडकी जाहिरातीनंतरची आहे, हे उघड आहे. उलट अक्षरे खिडकीला वळसा घालून बसवलेली असतील, तर खिडकी आधीची. विटांच्या सांध्यांकडेही लक्ष द्यावे. सांधे नव्याने भरलेले असतील तर प्रत्येक अक्षर आडव्या बारीक रेघांनी तुटल्यासारखे दिसते, आणि ती डागडुजी केव्हा झाली हे इमारतीच्या कागदांतून कळले तर हाती एक कालमर्यादा लागते.

अक्षरांची उंची शिडीशिवाय मोजता येते. विटांचे थर मोजावेत. आजच्या ब्रिटिश मापाची वीट सांध्यासह ७५ मिलिमीटर उंचीची धरतात, म्हणजे बारा थरांचे अक्षर सुमारे ९० सेंटिमीटर होते. जुन्या विटांची मापे मात्र ठिकठिकाणी वेगळी असतात. म्हणून हाताशी येणारे दहा थर मोजपट्टीने मोजून सरासरी काढावी आणि तीच वर लावावी.

या वेळी खालचे कोपरे दुर्बिणीतून अवश्य पाहावेत, कारण पेंटर आपले नाव तिथेच लहान अक्षरांत लिहून ठेवत. ही खोड फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका भिंतीवर झुंजींच्या खेळांची जाहिरात सापडली आहे आणि तिच्यावर रंगाऱ्याने लिहून ठेवले आहे की, हे एमिलिउस केलेर याने एकट्याने, चांदण्यात लिहिले. पेंटरचे नाव मिळाले तर शोधाला दुसरी वाट फुटते, कारण त्याचा स्वतःचा व्यवसायही जुन्या व्यापारी सूचींत नोंदलेला असण्याची शक्यता असते.

छायाचित्रे

छायाचित्र काढणे पुढे ढकलू नये. एका भिंतीसमोरून मी दोनदा 'उजेड चांगला असताना येऊ' असे म्हणून पुढे गेलो होतो. तिसऱ्यांदा पोहोचलो तेव्हा तिथे नव्या गिलाव्याचा ओला वास येत होता. त्यामुळे पहिले छायाचित्र हाती असेल त्या फोनने, असेल त्या उजेडात काढावे आणि चांगल्या छायाचित्रांसाठी पुन्हा यावे.

चांगला उजेड म्हणजे काय, हे आपण काय शोधतो त्यावर ठरते. रंगांतला फरक पाहायचा असेल तर ढगाळ दिवसाचा सपाट उजेड उत्तम. रंगाच्या थराची जाडी, कुंचल्याचे फटकारे किंवा कोरलेल्या मार्गदर्शक रेघा पाहायच्या असतील तर भिंतीला घासून जाणारे तिरपे ऊन हवे, आणि ते दिवसातून जेमतेम अर्धा तास मिळते. तिसरी वेळ पाऊस पडून गेल्यानंतरची. ओल्या विटा गडद होतात, रंगाचा थर तितका गडद होत नाही आणि एरवी न दिसणारी अक्षरे काही मिनिटे उठून दिसतात. त्यासाठी मुद्दाम भिंतीवर पाण्याचा मारा करू नये. जुना रंग अशाने सुटतो. पावसाची वाट पाहावी.

शक्य तितके दूर जाऊन, भिंतीच्या बरोबर समोरून, तिपाईवरून एक पूर्ण चित्र घ्यावे आणि मग एकमेकांवर थोडी चढणारी तुकड्यांची चित्रे घ्यावीत. फोनमध्ये सोय असेल तर चित्र 'रॉ' स्वरूपात, म्हणजे फोनने स्वतःहून फेरफार न केलेले, साठवावे. पुढे संगणकावर रंग ताणून पाहण्यासाठी 'इमेजजे' या मोफत प्रणालीला जोडता येणारे 'डीस्ट्रेच' हे साधन फार उपयोगी पडते. जॉन हारमन यांनी ते गुहांतील पुसट चित्रे वाचण्यासाठी तयार केले. डोळ्यांना एकसारख्या वाटणाऱ्या छटा ते दूर दूर फेकते आणि त्यामुळे विटांच्या लालीत हरवलेला तांबडा रंग स्वतंत्र दिसू लागतो.

छायाचित्रे आपोआप 'सुधारणारी' नवी साधने मात्र या कामात पूर्णपणे वर्ज्य मानावीत, असे माझे ठाम मत आहे. ती अस्पष्ट भागात संभाव्य तपशील भरतात. म्हणजे जे अक्षर भिंतीवर नाही ते चित्रात येऊ शकते, आणि एकदा आले की तेच खरे वाटू लागते. मूळ चित्र जसेच्या तसे वेगळे ठेवावे आणि त्यावर केलेली प्रत्येक प्रक्रिया नोंदवावी.

अक्षरे वाचताना

चित्राची मोठी छपाई करावी, तिच्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि दिसते तेवढेच गिरवावे. तीन रंगांची पेने घ्यावीत: निश्चित दिसणाऱ्या रेघांसाठी एक, संशयित रेघांसाठी दुसरे, तर्काने भरलेल्या रेघांसाठी तिसरे. पहिल्या दिवशी तिसरे पेन हातात घेऊच नये.

यामागे कारण आहे. मेंदूला अपूर्ण शब्द सहन होत नाही. समजा, भिंतीवर '…ळसा' एवढेच उरले आहे. इमारत वखारीसारखी दिसत असेल तर आपण क्षणात 'कोळसा' वाचतो आणि तिथून पुढे सगळा इतिहास कोळशाचा होतो. पण तोच शब्द तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानाचा 'कळसा'ही असू शकतो. अशा वेळी गेलेल्या अक्षराची जागा मोजावी. 'को'ला काना आणि मात्रा आहे, 'क'ला नाही. ओळीच्या सुरुवातीचा समास माहीत असेल तर किती रुंदीचे अक्षर तिथे बसते हे सांगता येते. ज्या लिपीत प्रत्येक अक्षर साधारण एका रुंदीचे असते, तिथे हे काम अधिक सोपे जाते.

लिहून काढताना शिलालेखांच्या अभ्यासकांची पद्धत उसनी घ्यावी. १९३१ मध्ये लायडन येथे ठरलेल्या संकेतांनुसार, नष्ट झालेली पण तर्काने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात देतात आणि संशयित अक्षराखाली टिंब देतात. वरचा शब्द त्यामुळे '[को]ळसा' असा लिहिला जाईल, आणि वाचणाऱ्याला भिंतीचा वाटा किती व लेखकाचा किती, हे एका दृष्टिक्षेपात कळेल.

एका भिंतीवर दोन-तीन जाहिराती एकमेकींवर चढलेल्या असतील, तर प्रत्येकीसाठी पारदर्शक कागद वेगळा घ्यावा. त्या वेगळ्या करताना पेंटरच्या कामाची रीत उपयोगी पडते. तो आधी खडू लावलेल्या दोरीने सूत मारून आडव्या रेघा पाडत असे. नेहमीच्या चिन्हासाठी कागदी खाका असे. त्याच्या रेघांवर बारीक भोके पाडलेली असत आणि भिंतीवर धरून त्यावर कोळशाच्या किंवा खडूच्या भुकटीची पुरचुंडी झटकली की ठिपक्यांनी आकृती उमटत असे. म्हणून एका जाहिरातीतल्या ओळी बहुधा एकाच अंतराच्या पट्ट्यांत बसतात. जे अक्षर पट्टीबाहेर पडते, ते दुसऱ्या जाहिरातीचे असण्याचा संभव अधिक.

काळ कसा ठरवावा

नेमके एक साल मिळणे क्वचितच शक्य होते. 'याच्या आधी नाही' आणि 'याच्या नंतर नाही' अशा दोन मर्यादा ठरवून त्यांमधले अंतर कमी करत जाणे, हीच खरी पद्धत. पहिली मर्यादा इमारतीच्या बांधकामाचे साल. दुसरी बहुतेक वेळा शेजारच्या इमारतीची असते, कारण तिने भिंत झाकल्यावर तिथे कोणी जाहिरात रंगवणार नाही. यासाठी आगविमा कंपन्यांसाठी काढलेले नकाशे अमूल्य आहेत. अमेरिकेतील सॅनबॉर्न नकाशांत प्रत्येक इमारतीचे मजले, वापर आणि बांधकाम नोंदलेले असते. विटांची इमारत गुलाबी, लाकडी सांगाड्याची पिवळी. ब्रिटन आणि कॅनडातील शहरांसाठी चार्ल्स गोड यांच्या कंपनीचे असेच नकाशे आहेत. एका आवृत्तीत शेजारची जागा रिकामी आणि पुढच्या आवृत्तीत भरलेली दिसली, की दुसरी मर्यादा त्या दोन सालांच्या मध्ये येऊन बसते.

त्यानंतर मजकुरातील खुणा पाहाव्यात. दूरध्वनी क्रमांकात किती आकडे आहेत, त्याआधी केंद्राचे नाव किंवा अक्षरे आहेत का, हे त्या गावातील दूरध्वनी सेवेच्या इतिहासाशी ताडून पाहता येते. टपाल विभागही बोलके असतात: लंडनच्या विभागांना पोटक्रमांक १९१७ मध्ये मिळाले, अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. किंमत शिलिंग-पेनीत असेल तर ब्रिटनमधील जाहिरात १५ फेब्रुवारी १९७१च्या आधीची. नावापुढे 'लिमिटेड' असेल तर कंपनी नोंदणीच्या दप्तरात त्या पेढीची नोंदणी केव्हा झाली ते पाहावे. जाहिरात त्याआधीची असू शकत नाही. बोधचिन्ह असेल तर व्यापारचिन्हांची नोंदवही पाहावी. ब्रिटनमध्ये ती १८७६ पासून सुरू होते.

अक्षरांच्या वळणावरून काळ सांगण्याचा मोह मात्र आवरावा. पेंटर तरुणपणी शिकलेले वळण म्हातारपणापर्यंत गिरवतो, आणि शिष्यही तेच उचलतो. वळण पुरावा म्हणून शेवटी जोडावे, सुरुवातीला नव्हे.

'स्थापना' म्हणून लिहिलेले साल धंद्याचे असते, जाहिरातीचे नसते. आणि धंद्याचेही ते नेहमी खरे असतेच असे नाही, कारण विकत घेतलेल्या जुन्या पेढीचे साल नवा मालक अभिमानाने मिरवतो. शिवाय पुनर्रंगवणीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील मेल पाऊच तंबाखूच्या जाहिराती धान्यकोठारांच्या भिंतींवर रंगवणारे हार्ली वॉरिक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ अर्धशतक हे काम केले, आणि त्यात जुन्या जाहिराती पुन्हा पुन्हा उजळण्याचा वाटा मोठा होता. जॉर्जियातील कार्टर्सव्हिल येथील कोका-कोलाची भिंत १८९४ची आणि या पेयाची सर्वांत जुनी भिंतीवरची जाहिरात म्हणून ओळखली जाते. आज तिथे उभे राहून जे दिसते ते मात्र नंतर आलेले कित्येक थर काढून केलेल्या जीर्णोद्धाराचे रूप आहे. म्हणून नोंदीत दोन काळ वेगळे द्यावेत: मजकुराचा आणि आज दिसणाऱ्या रंगाचा.

कागदपत्रांत दुकान शोधणे

शोध नावापासून सुरू करू नये, पत्त्यापासून करावा. नाव चुकीचे वाचलेले असू शकते. इमारत तर समोर उभी असते. तरीही रस्त्याचे नाव किंवा घरक्रमांक मध्यंतरी बदलले नाहीत ना, याची जुन्या नकाशावरून आधी खात्री करावी. त्यानंतर व्यापारी सूची, म्हणजे ब्रिटनमधील केलीज, अमेरिकेतील पोल्क यांच्यासारखी वार्षिक पुस्तके, रस्त्यानिहाय भागात उघडावीत आणि प्रत्येक वर्षी त्या पत्त्यावर कोण होते याची सलग यादी करावी. अशी माहिती गोळा होऊन छापून येईपर्यंत महिने जात, त्यामुळे १९०८च्या सूचीतले दुकान खरे तर १९०७चे चित्र असते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही गत या कामात फार जणांची होते. दूरच्या अभिलेखागाराला पत्रे लिहिली जातात आणि इमारतीच्या आजच्या मालकाकडे असलेले खरेदीखत कोणी पाहत नाही. आधी त्याला भेटावे. भिंतीचे चित्र छापून नेले तर बोलणे लवकर जमते.

वृत्तपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाचे 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचे 'पेपर्स पास्ट', अमेरिकेचे 'क्रॉनिकलिंग अमेरिका' आणि फ्रान्सचे 'गालिका' हे संग्रह विनामूल्य उपलब्ध आहेत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून नाव तीन-चार चुकीच्या वर्णलेखनांनीही शोधून पाहावे आणि रस्त्याच्या नावाने स्वतंत्र शोध घ्यावा. दुकानाच्या जाहिरातींपेक्षा मला लहान सूचनाच अधिक उपयोगी पडल्या आहेत: 'कामगार पाहिजे', आगीची बातमी, लिलाव, भागीदारी मोडल्याची नोटीस. भागीदारी मोडल्याची आणि दिवाळखोरीची नोंद सरकारी राजपत्रातही येते. ब्रिटनमधले 'लंडन गॅझेट' १६६५ पासून निघत आहे. 'आणि मुलगे' ही शब्दजोड दुकानाच्या नावात केव्हा आली आणि केव्हा गेली, हे अशा सूचनांतून अचूक कळते.

एक गल्लत टाळावी. मोठ्या कारखान्याच्या मालाचे नाव ठळक आणि दुकानदाराचे नाव वर किंवा खाली लहान, अशा जाहिराती पुष्कळ आढळतात. त्यांचा खर्च अनेकदा कारखानदार करी आणि दुकानदाराला आपली पाटी फुकट मिळे. अशी भिंत मालाच्या वितरणाविषयी बोलते. स्थानिक व्यवसायाचा इतिहास त्या लहान अक्षरांत असतो. आणि भिंत भाड्याने दिलेली असेल, तर जाहिरातदाराचा त्या इमारतीशी दुसरा काही संबंध नसणेही शक्य आहे.

जुन्या रहिवाशांना विचारताना साल विचारू नये. वर्षे विसरली जातात, क्रम सहसा विसरला जात नाही. 'तुमच्या शाळेच्या दिवसांत इथे कोण होते, आणि त्यांच्यानंतर कोण आले?' असा प्रश्न विचारावा. आपण वाचलेला शब्द त्यांना आधी सांगू नये, नाहीतर आठवण त्या शब्दाला जुळवून घेते.

रंगाला हात न लावणे

खरवडणे, घासणे, ब्रशने साफ करणे यांपैकी काहीही करू नये. जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची धूळ विषारी असते. लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक. वार्निशचा थर चढवून जाहिरात 'जपण्याचा' उपायही बहुधा घातक ठरतो, कारण भिंतीतली ओल आत कोंडते आणि सुटताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन पडते. हे काम संवर्धनतज्ज्ञाचे आहे.

पुन्हा रंगवावे की नाही, यावर मतभेद आहेत. इंग्लंडमधील यॉर्क येथील 'बाइल बीन्स' या गोळ्यांची जाहिरात २०१२ मध्ये नव्याने रंगवली गेली आणि आज ती त्या शहराची आवडती खूण आहे. गंमत अशी की, या गोळ्यांच्या उगमाची कथा बनावट असल्याचे स्कॉटलंडच्या न्यायालयाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच म्हटले होते. माझा कल न रंगवण्याकडे आहे, कारण नवा रंग चढला की जुना थर पुन्हा तपासता येत नाही. रंगवायचेच असेल, तर आधी संपूर्ण नोंद व्हावी आणि नूतनीकरणाचे साल भिंतीवरच लहान अक्षरांत लिहिले जावे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक भिंतीसाठी एक पान पुरते. त्यावर पत्ता, अक्षांश-रेखांश, भिंतीची दिशा, अक्षरांची उंची, कंस व टिंबांसह मजकूर, दोन्ही कालमर्यादा आणि त्या कशावरून ठरवल्या ते लिहावे. छायाचित्राच्या धारिकेच्या नावात तारीख आधी, मग रस्ता, मग क्रमांक असे ठेवले की दहा वर्षांनीही चित्रे रांगेत लागतात. फसलेले शोधही लिहावेत: कोणत्या सालांच्या सूची पाहिल्या आणि काही मिळाले नाही, हे पुढच्या अभ्यासकाचे आठवडे वाचवते. घरात आज कोणी राहत असेल तर त्यांचे नाव नोंदीत घालू नये. एक प्रत स्थानिक ग्रंथालयात द्यावी. ब्रिटनमध्ये 'हिस्टरी ऑफ ॲडव्हर्टायझिंग ट्रस्ट' या संस्थेचा अशा पाट्यांचा स्वतंत्र संग्रह आहे.

तिपाई जिथे ठेवली होती ती जागा रस्त्यावरच्या एखाद्या न हलणाऱ्या वस्तूपासून मोजून पानावर लिहावी: 'समोरच्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यापासून चार मीटर, कॅमेऱ्याची उंची दीड मीटर'. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी तिथेच उभे राहून दुसरे चित्र काढता येते, आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली की वर्षभरात कोणत्या अक्षराची कोणती कड गेली ते मोजता येते.